चढणारी रेघ म्हणजे चढण नव्हे

दिवाळीच्या सुट्टीत नात घरी आली ती सहामाहीचे पेपर दप्तरात लपवूनच. पोर नववीत आहे. बाकीचे विषय बरे होते, विज्ञानाचा पेपर मात्र काही केल्या बाहेर निघेना. शेवटी आजीने फराळाच्या ताटापुढे बसवून तो काढायला लावला. एका प्रश्नात आलेख दिला होता. रेघ आधी वर चढलेली, मग थोडी आडवी, मग खाली उतरलेली. खाली विचारले होते, ‘या मुलाच्या प्रवासाचे वर्णन करा.’ नातीने लिहिले होते : ‘मुलगा टेकडी चढला, माथ्यावर सपाटीने चालला आणि पलीकडच्या बाजूने उतरला.’ त्यावर तांबड्या शाईत भले मोठे शून्य.

आजीने चष्मा लावून चित्र पाहिले. तिची शाळा चौथीपर्यंतची. ती म्हणाली, “बरोबर तर लिहिलंय पोरीनं! टेकडीच काढलीय की इथं.”

मला हसू आले नाही. तीस वर्षे गावच्या हायस्कुलात मी विज्ञान शिकवले, आणि असली शून्ये मीही पुष्कळ दिली आहेत. पोर टेकडी कशामुळे पाहते, हे मात्र कधी बसून विचारले नाही.

ही चूक काही खेड्यातल्या मुलांचीच नाही. अमेरिकेत सिएटलच्या विद्यापीठात लिलियन मॅकडर्मॉट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९८७ साली एक निबंध प्रसिद्ध केला. पदार्थविज्ञान शिकणारे कॉलेजचे विद्यार्थी गतीचे आलेख वाचताना कुठे अडखळतात, हा त्याचा विषय. रॉबर्ट बाइकनर यांनी १९९४ साली याच विषयावरची एक चाचणी तयार करून प्रसिद्ध केली. त्यांनाही हेच आढळले की, आलेख हा पुष्कळांना रस्त्याचे चित्र वाटतो. तेव्हा आपल्या पोरांना ‘ढ’ म्हणण्याचे कारण नाही.

आपल्या भाषेत तर फसायला आणखी एक जागा आहे. रेषेच्या तिरकेपणाला गणिताच्या पुस्तकात ‘चढ’ म्हणतात. शब्द चांगला आहे. पण चढ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? घाट. उसाने भरलेली गाडी चढाला लागली की बैल फेस गाळतात, एस.टी. गिअर बदलून कण्हत कण्हत वर जाते. चढ म्हणजे गती कमी, हे शेतकऱ्याच्या पोराला कोणी शिकवावे लागत नाही. आणि आलेखात नेमके उलटे! तिथे रेघ जितकी उभी, तितकी गती जास्त. आयुष्यभराचा अनुभव एक सांगतो, वही दुसरेच सांगते. मग पोर बिचारे अनुभवावर विश्वास ठेवते आणि शून्य घेऊन घरी येते.

आम्ही त्या दिवशी पुस्तक मिटून ठेवले आणि विहिरीवर गेलो.

आता दारात नळ आहे. पण आजी लग्न होऊन या घरात आली तेव्हा पाणी ओढ्याकाठच्या विहिरीवरून आणावे लागे. वाट जाताना उताराची, येताना चढणीची. टेप धरून मोजली तर ३०० मीटर भरली. वाटेत १८० मीटरवर चिंचेचे झाड आहे. ठरले असे की नातीने कळशी घेऊन विहिरीवर जायचे, पाणी भरून परत यायचे, आणि मी घड्याळ व वही घेऊन बांधावर बसायचे. तिथून सगळी वाट दिसते. दर मिनिटाला ती घरापासून किती लांब आहे, तेवढेच टिपायचे.

पोर निघाली. तीन मिनिटांत चिंचेपाशी पोचली. तिथे मैत्रीण भेटली, दोन मिनिटे बोलण्यात गेली. मग आपल्याला घड्याळ लावले आहे हे आठवले असावे, कारण उरलेले १२० मीटर ती एका मिनिटात धावत गेली. विहिरीवर चार मिनिटे मोडली. भरली कळशी कमरेवर घेऊन घरी यायला दहा मिनिटे लागली. आकडे मी सोयीसाठी थोडे गोल केले आहेत, एवढे सांगितले पाहिजे.

आता वही. आलेख-कागद नसला तर गणिताची चौकटीची वही चालते. खालच्या आडव्या रेषेवर वेळ : एक चौकट म्हणजे एक मिनिट. डावीकडच्या उभ्या रेषेवर घरापासूनचे अंतर : एक चौकट म्हणजे २० मीटर. कागदावरच्या कोणत्याही टिंबाला फक्त दोन प्रश्न विचारायचे : केव्हा? आणि घरापासून किती लांब? तिसरा प्रश्न त्याला विचारायचा नाही. वाट चढणीची होती की उताराची, मुरमाची की चिखलाची, डावीकडे वळली की उजवीकडे, यातले काहीही त्या टिंबाला ठाऊक नसते.

पहिले टिंब कोपऱ्यात, शून्य मिनिटाला शून्य मीटर. तिसऱ्या मिनिटाला नऊ चौकटी वर, कारण २० नव्वे १८०. पाचव्या मिनिटालाही नऊच चौकटी. सहाव्या मिनिटाला पंधरा. दहाव्यालाही पंधरा. आणि विसाव्या मिनिटाला पुन्हा खाली, शून्यावर. टिंबे पट्टीने जोडली.

आजी कागदाकडे बघत राहिली आणि म्हणाली, “हे उलटं झालंय. जाताना उतार होता, तर रेघ वर चढलीय. येताना दम काढणारा चढ, आणि रेघ खाली उतरलीय!”

मी तीस वर्षांत वर्गात जे सांगू शकलो नाही, ते तिने एका वाक्यात सांगितले. रेघ वर जाते ती पोर घरापासून लांब जात होती म्हणून. खाली येते ती घर जवळ येत होते म्हणून. आडवी राहते तेव्हा पोर सपाटीवर चालत नव्हती, मुळी चालतच नव्हती! चिंचेखाली गप्पा मारत होती. वेळ पुढे सरकत होता, अंतर तेवढेच राहत होते. आडव्या रेघेचा अर्थ ‘थांबली’, एवढाच. पेपरातला तो मुलगाही माथ्यावर चालत नव्हता. कुठेतरी थांबला होता, आणि मग आला तसा परत गेला होता. नातीने ते स्वतःच ओळखले, आणि मग “शी!” म्हणून जीभ चावली.

आता चढ पाहू. पहिल्या तीन मिनिटांत १८० मीटर, म्हणजे मिनिटाला ६०. धावली तेव्हा मिनिटाला १२०. परत येताना ३०० मीटरला दहा मिनिटे, म्हणजे मिनिटाला ३०. कागदावर पाहा : धावण्याचा तुकडा सर्वांत उभा, पहिला त्याच्या निम्म्या चढाचा, आणि परतीचा अगदी लोळलेला. भरल्या कळशीचे ओझे त्या लोळलेल्या रेघेत उतरले आहे. ‘चढ’ हा शब्द घाटाचा न मानता भागाकाराचा मानायचा : किती चौकटी वर (किंवा खाली), आणि तेवढ्यात किती चौकटी पुढे. वरच्या अंतराला पुढच्या वेळेने भागले की गती हाती येते.

दोन बारीक गोष्टी इथेच सांगून टाकतो. उभ्या रेषेवर काय लिहिले आहे, ते आधी वाचावे. आम्ही ‘घरापासूनचे अंतर’ घेतले म्हणून रेघ शेवटी खाली आली. ‘एकूण चाललेले अंतर’ घेतले असते तर ती कधीच खाली आली नसती. विसाव्या मिनिटाला ६०० मीटरवर असती. दुसरे म्हणजे, पट्टीने जोडल्यामुळे आमच्या रेघेला टोकदार कोपरे आले. प्रत्यक्षात कोणी एका क्षणात चालण्याचे धावणे करत नाही, त्यामुळे खरी रेघ कोपऱ्यांवर जराशी वळते. रेघ वाकलेली दिसली की समजावे, गती बदलते आहे.

घरात शाळेत जाणारी दोन मुले असतील तर दुसरा आलेख त्यांच्याकडूनच काढून घ्यावा. समजा शाळा ३ किलोमीटरवर आहे. धाकटा चालत निघतो, मिनिटाला ७५ मीटर. थोरला वीस मिनिटे उशिरा सायकलवर निघतो, मिनिटाला २०० मीटर. एकाच कागदावर दोघांच्या रेघा काढा. आता विचारा : धाकटा निघून तीस मिनिटे झाली, त्या वेळी जास्त जोरात कोण चालले आहे? पुष्कळ मुले ‘धाकटा’ म्हणतील, कारण त्याची रेघ वर आहे. धाकटा २,२५० मीटरवर, थोरला २,०००वर. पण वर असणे म्हणजे पुढे असणे. जोरात असणे नव्हे. जोर कोणाचा, हे रेघेच्या उंचीवरून नाही, तिच्या तिरकेपणावरून ठरते. बत्तिसाव्या मिनिटाला दोन्ही रेघा एकमेकींना छेदतात. तिथे दोघांची गती सारखी झाली, असेही मुले सांगतात. तसे नव्हे. तिथे दोघे एकाच वेळी एकाच जागी आहेत, २,४०० मीटरवर, आणि थोरला घंटी वाजवत पुढे जातो आहे.

दोन रेघा कुठे छेदतात, यावर आगगाडीतल्या हजारो माणसांचा जीव अवलंबून असतो. एकेरी मार्गावर गाडी मध्येच एखाद्या लहान स्टेशनात उभी राहते आणि डब्यात कोणीतरी म्हणते, “क्रॉसिंग आहे.” कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाला, त्याचा बराचसा भाग एकेरीच आहे. अशा मार्गावर समोरासमोरून येणाऱ्या गाड्या कुठे भेटवायच्या, हे ठरवताना रेल्वेची माणसे कागदावर आपला हाच अंतर-वेळेचा आलेख काढतात. एका अक्षावर वेळ, दुसऱ्यावर ओळीने स्टेशने : चिपळूण, सावर्डे, आरवली, संगमेश्वर, रत्नागिरी. जाणाऱ्या गाडीची रेघ एकीकडे तिरकी, येणाऱ्या गाडीची दुसरीकडे. दोन्ही जिथे छेदतील तिथे स्टेशन आणि जादा रूळ असलाच पाहिजे. छेद दोन स्टेशनांच्या मध्ये आला, तर कागदावरच अपघात दिसतो. मग एका गाडीची रेघ आधीच्या स्टेशनात आडवी करायची, म्हणजे तिला थांबवून ठेवायचे. आपण डब्यात बसून कुरकुरतो ती ती आडवी रेघ असते! पॅरिस ते लिआँ या मार्गावरच्या गाड्यांचा असाच आलेख १८८५ साली छापलेल्या मारे या शास्त्रज्ञाच्या पुस्तकात आहे. पूर्वी कंट्रोलच्या ऑफिसात हे काम पट्टी-पेन्सिलीने चाले. आता बऱ्याच ठिकाणी संगणक रेघा ओढतो. रेघांचा अर्थ तोच आहे.

इथवर झाले अंतराचे. पण त्याच संध्याकाळी पुतण्या आला आणि विषय दुसऱ्या आलेखावर गेला.

पुतण्या काठी टेकत आला. मागच्या गळिताच्या हंगामात रात्री तालुक्याहून मोटारसायकलवर येताना तो उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला. ट्रॉलीचे चाक पंक्चर होते, ती रस्त्यावरच उभी होती; मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही. पाय दोन ठिकाणी मोडला, सळई घालावी लागली. तेव्हापासून तो एकच सांगतो, “काका, दिसल्याबरोबर ब्रेक मारला हो. गाडी थांबलीच नाही.” घरच्यांना वाटे, पोरगा झोपेत असेल. मलाही तसेच वाटे.

त्याला विचारले, गाडी किती होती? तो खाली बघत म्हणाला, “सत्तर-बहात्तर असेल.” ट्रॉली उजेडात किती अंतरावर आली? “चाळीसेक मीटर.”

नातीला म्हटले, काढ कागद. या वेळी उभ्या रेषेवर अंतर नको, वेग घे. आधी किलोमीटरचे मीटर करू. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर, एवढे लक्षात ठेवले की पुरते. ३६ म्हणजे १०, ५४ म्हणजे १५, ७२ म्हणजे २०. आडवी एक चौकट एक सेकंदाची, उभी एक चौकट सेकंदाला ५ मीटरची.

या आलेखात आडव्या रेघेचा अर्थ बदलतो, हे आधी समजून घेतले पाहिजे. मघाशी आडवी रेघ म्हणजे ‘थांबली’. आता आडवी रेघ म्हणजे ‘एकाच वेगाने चालली आहे’. थांबली असेल तर रेघ अगदी तळाला, शून्यावर हवी. म्हणून कोणताही आलेख हाती आला की पहिल्यांदा डाव्या बाजूचे अक्षर वाचायचे. तेवढ्या आळसापायी कितीतरी मुले मार्क घालवतात.

आणि अंतर कुठे गेले? ते रेघेखाली दडले आहे. सेकंदाला २० मीटरने एक सेकंद गेलो तर २० मीटर झाले, म्हणजेच उंची गुणिले रुंदी. रेघेखालच्या जागेचे क्षेत्रफळ. शेताचे क्षेत्रफळ काढतो तसेच, फक्त इथे गुंठ्यांऐवजी मीटर येतात. ही युक्ती फार जुनी आहे. फ्रान्समधल्या निकोल ओरेम या विद्वानाने चौदाव्या शतकात वेगाच्या अशा आकृत्या काढल्या होत्या. आमच्या कागदावरची एक चौकट ५ मीटरची झाली : एक सेकंद गुणिले ५.

आता पुतण्याची रात्र काढली. ट्रॉली दिसली, मेंदूला कळले, पाय-हात ब्रेकवर गेले. यात एक सेकंद धरू. तो सेकंद वेग कमी होत नाही, रेघ वीसवर आडवी. तिच्याखाली चार चौकटी, २० मीटर. मग ब्रेक लागला. कोरडी डांबरी सडक आणि चांगले ब्रेक धरले, तर वेग दर सेकंदाला ५ मीटरने उतरतो असे समजू. रेघ वीसवरून तिरकी खाली येऊन चार सेकंदांनी तळाला टेकते. तिच्याखाली त्रिकोण : पाया चार, उंची चार, क्षेत्रफळ आठ चौकटी, ४० मीटर. एकूण बारा चौकटी. ६० मीटर.

पुतण्याने बोट ठेवून पुन्हा मोजले. ट्रॉली चाळिसावर होती. म्हणजे आठ चौकटी भरतात तिथे. पहिल्या चार तर ब्रेक लागण्याआधीच संपल्या होत्या. उरलेल्या चार त्रिकोणाच्या अगदी उंच भागातच भरतात, ब्रेक दाबून एका सेकंदाच्या थोडे पुढे. त्या जागी रेघ सेकंदाला १४ मीटरवर दिसते. ताशी पन्नासाच्या आसपास! ब्रेक मारलेला असूनही.

“मी मारला होता,” तो म्हणाला. “बघ, मारला होता.”

आजी उठून आत गेली आणि त्याच्यासाठी चहा घेऊन आली. कोणी काही बोलले नाही.

नातीने त्याच कागदावर निळ्या पेनाने ३६ ची रेघ काढली. आडव्या तुकड्याखाली दोन चौकटी, त्रिकोणाखाली दोन. चार चौकटी, २० मीटर. वेग निम्मा केला तर अंतर निम्मे होईल असे तिला वाटले होते, ते एक-तृतीयांश झाले. कारण ब्रेकच्या त्रिकोणाची उंचीही निम्मी होते आणि पायाही निम्मा, म्हणून त्रिकोण आठाचा चौथाई होतो. ओल्या रस्त्यावर किंवा मळीचा चिखल सांडलेल्या वळणावर वेग इतक्या भराभर उतरत नाही. रेघ लोळते, त्रिकोण लांबतो. गुळगुळीत टायरचेही तेच. ट्रॉलीच्या मागे लाल चकचकीत पट्टी असती तर? तर वेगाची रेघ तीच राहिली असती. पण ट्रॉली चाळिसाऐवजी कितीतरी लांबून दिसली असती, आणि बारा चौकटींना जागा मिळाली असती. पुतण्याच्या घरच्या दोन्ही ट्रॉल्यांना त्या आठवड्यातच पट्ट्या लागल्या, हे मला नंतर कळले.

बराच वेळ तो दोन रेघांकडे बघत होता. मग नातीला म्हणाला, “चोपन्नला किती येतं गं?”

तिने तिसरी रेघ काढली. तीन चौकटी आडव्या तुकड्याच्या, साडेचार त्रिकोणाच्या. बोटावर मोजून ती म्हणाली, “साडेसदतीस मीटर, दादा.”